विहारासमोरून जाणारी गाडी

आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, म्हणजे वर्षावासाच्या महिन्यांत, आमच्या वस्तीतल्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असतं. पोस्टातून रिटायर झालेले एक काका वाचतात. पुढे सतरंजीवर बायका बसतात, मागे भिंतीला टेकून दोन-चार म्हातारी माणसं. विहार गल्लीच्या तोंडाशीच आहे आणि आमच्या घराकडे जायला दुसरी वाट नाही. मी काटोलहून परतायचो तेव्हा वाचन अर्ध्यावर आलेलं असायचं. त्या वर्षी माझ्या मोटारसायकलचा सायलेन्सर खालून पार सडला होता.

काका शिस्तीचे. माझी गाडी गल्लीत वळली की ते वाचायचे थांबायचे. ओळीवर बोट ठेवायचे, चष्मा कपाळावर सरकवायचे आणि आमच्या दारापाशी इंजिन बंद होईपर्यंत गप्प बसायचे. कधी रागावले नाहीत. सगळ्या बायका मान वळवून दाराकडे बघायच्या आणि माझी आई तेवढी सतरंजीकडे बघत राहायची. हे सगळं मला पुष्कळ नंतर कळलं. काटोल रोडचे खड्डे खाऊन आलेल्या माणसाचं डोकं घरच्या चहात असतं, विहाराच्या खिडकीत कोण काय करतं इकडे नसतं.

मी तिकडच्या एका कॉलेजात इतिहास शिकवतो. तासिका तत्त्वावर. जितके तास घेतले तितक्याचंच मानधन, आणि तेही येईल तेव्हा येईल. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. बाबांनी जन्मभर गांधीबागेत कापडाचे गठ्ठे वाहिले, आई धरमपेठेत लोकांची धुणीभांडी करायची. त्यातून मी एम.ए. झालो, नेट पास झालो. याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. पण डिगरीने सायलेन्सर येत नाही, आणि नव्या सायलेन्सरची किंमत ऐकून मी दुकानाच्या पायरीवरूनच परत फिरलो होतो.

एका सुट्टीच्या संध्याकाळी घरी होतो. वाचनाची वेळ झाली तरी आई मेथी निवडत बसलेली.

"आज वाचन नाही का?"

"आहे."

"मग?"

"गुडघे दुखून राहिले."

आठवडाभर गुडघेच दुखत होते. पाणी भरताना दुखत नव्हते, बाजारात जाताना दुखत नव्हते. शेवटी शेजारच्या वहिनींनी मला दारात गाठलं.

"भाऊजी, गुडघ्याचं काही नाही बरं. तुमची गाडी आली का ते रेल्वेवाल्याची माय म्हणते, आली वं तुया प्रोफेसरची थ्रेशर. अन् मंग साऱ्याजणी हासतात."

रेल्वेवाल्याची माय म्हणजे वस्तीतलीच, मुलगा रेल्वेत नोकरीला असलेली बाई. सांगताना वहिनींनाही हसू आवरेना. मलाही आलं. गाडीचा आवाज खरंच मळणीच्या यंत्रासारखा होता, नाव चुकीचं नव्हतं. पण आईने त्यापायी वाचन सोडलं होतं, आणि कामाशिवाय तिचं तेवढं एकच बाहेर जाणं. तिला स्वतःला वाचता येत नाही. दुसरं कोणी वाचतं तेव्हाच पुस्तक तिच्यापर्यंत पोचतं. आश्विन पौर्णिमेला वाचन संपायच्या आत गाडी गप्प करायची असं मी ठरवलं.

आधी पुट्टी लावली, दोन गोळ्या मळून एक करायच्या ती. भोकावर थापली, रात्रभर वाळू दिली. सकाळी अर्ध्या वाटेत ती तापून तडकली आणि कुठेतरी संत्र्याच्या बागांच्या बाजूला पडून गेली. मग कॉलेजातल्या एका शिपायाने सांगितलं की भांडी घासायच्या तारेच्या घासण्या आत कोंबा. आईच्या मोरीतून दोन उचलल्या, किराणा दुकानातून आणखी आणल्या आणि स्क्रू ड्रायव्हरने ठोकून ठोकून भरल्या. गाडी एकदम गरीब झाली. आवाज नाही, पण ताकदही नाही. पुलाच्या चढावर माझ्या बाजूने एक सायकलवाला निघून गेला आणि जाताना त्याने मागे वळून माझ्याकडे काळजीने बघितलं. दुसऱ्या दिवशी घासण्या उपसून काढल्या. त्या काळ्याठिक्कर झालेल्या. आईने विचारलं, "माया घासण्या कुठं गेल्या?" मी म्हटलं, नव्या आणतो.

त्यातच काटोल नाक्यावर ट्रॅफिकवाल्याने अडवलं.

"काय गा, सायलेन्सर बदलवला?"

"नाही साहेब, सडला."

"सारेच असं म्हणतात."

तो वाकला, पेनाने खालून टोचलं, तर पत्र्याचा एक पापुद्रा त्याच्या हातात आला. त्याने तो बघितला, मग मला बघितलं. "काय करतोस?"

"कॉलेजात शिकवतो."

"जा बाप्पा," तो म्हणाला. दंड झाला नाही. दंड झाला असता तर मी निदान भांडलो असतो. शहरातली पोरं हौसेने पैसे मोजून आवाज विकत घेतात, आणि मी तोच आवाज घेऊन तोंड लपवत हिंडत होतो.

तोवर उपाय एकच होता. गल्लीच्या तोंडाशी इंजिन बंद करायचं आणि गाडी ढकलत घरापर्यंत न्यायची. दिवसभर उभं राहून शिकवायचं, मग तो रस्ता, आणि शेवटी हे. गल्लीला थोडा चढ आहे. ओट्यावर बसलेलं कोणीतरी रोज विचारायचं, "सर, पेट्रोल संपलं का?" मी हो म्हणायचो. कोणाकोणाला समजावून सांगणार.

आई दारात उभी असायची. एक दिवस म्हणाली, "हे काय करून राहिला तू?"

"आवाज नको म्हणून."

"लोक म्हणतीन, प्रोफेसर असून गाडी ढकलते."

"तू वाचनाले जात जा ना. आता आवाज येत नाही."

"मी नाही जात," असं म्हणून ती आत गेली.

शेवटी जुन्या पार्टच्या दुकानात एक सायलेन्सर मिळाला. दुसऱ्याच मॉडेलचा, थोडा ठेंगणा. आमच्या चौकातला मेकॅनिक तो फिरवून फिरवून बघत म्हणाला, "सर, खानदान वेगळं आहे, पण संसार करीन." त्याने तोंडाला एक नळी वेल्डिंग केली, पट्टी वाकवून बोल्ट बसवला आणि एवढं मोठं काम दुसऱ्या कोणालाच जमलं नसतं असं मला तीनतीनदा ऐकवलं. सायलेन्सर जरा बाहेरच्या बाजूला वाकडा दिसत होता आणि पावलाला चटका बसायचा. पण गाडी सुरू केली तर मला वाटलं बंदच पडली. इतकी शांत.

त्या संध्याकाळी विहारासमोरून बसूनच गेलो. काकांचा आवाज गल्लीभर चालूच राहिला. घरी आलो, हातपाय न धुताच आईला म्हटलं, "चल. अजून अर्धं बाकी असेल."

ती उठली नाही.

"मी त्यायले सांगतलं होतं," ती म्हणाली.

"काय?"

"का तू परमनंट झाला म्हणून."

मी खुर्चीवर बसलो. ती मेथीच्या काड्या एका बाजूला लावत होती, तोंड माझ्याकडे नव्हतं.

"गाडी आली का मले वाटे, आता इचारतात. परमनंट माणसाची गाडी अशी राहते का?"

"काहून सांगितलं मग?"

"लोकाचे पोरं बारावी होऊन नोकरीले लागले. तू एवढा शिकला. मी काय सांगू?"

"सांगायचं, तासावर आहे."

"तासावर तं कामवाली बी राहते," ती म्हणाली.

मी तिच्यासमोरच्या मेथीच्या काड्या गोळा करून बाहेर टाकून आलो. रागही आला नाही. म्हटलं, "उद्या मी येतो तुझ्यासंग. कोणी इचारलं तं मी बोलतो."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं गेलो. आईने इस्त्रीचं पांढरं लुगडं नेसलं होतं. रेल्वेवाल्याची आई पहिल्याच रांगेत होती.

"बरेच दिवसानं वं. अन् आज प्रोफेसरबी आले?"

मी तोंड उघडायच्या आत आई बोलली. "प्रोफेसर नाही झाला तो अजून. तासावर शिकवते. परमनंटचं मीच वाढवून सांगतलं होतं."

मला वाटलं आता हसतील. रेल्वेवाल्याच्या आईने आईकडे बघितलं, मग पदराने सतरंजीवरची धूळ झटकली.

"मले का समजत नव्हतं? माया बहिणीचा पोरगा असाच आहे अमरावतीले. लग्न जमून नाही राहिलं त्याचं." मग सरकून म्हणाली, "बस इथं. उभी काहून?"

आई तिच्या बाजूला बसली. मी मागे जाऊन म्हाताऱ्यांच्या रांगेत भिंतीला पाठ लावली. काकांनी वाचायला सुरुवात केली. पंखा फिरत होता, भिंत गार होती. काय वाचलं ते मला सांगता येणार नाही, पहिल्या पानातच माझा डोळा लागला.

जाग आली तेव्हा सतरंज्या गुंडाळणं चाललं होतं. आई आणि ती बाई दाराशी उभ्या राहून त्या अमरावतीच्या पोरासाठी कोणती मुलगी बरी हे बोलत होत्या. मी चपला घातल्या आणि बाहेर जाऊन थांबलो. तिचं लवकर आटपेल असं दिसत नव्हतं.