रामवाडीतला ग्राइंडर

पत्रकाराच्या घरात दोन ढीग साचतात. छापून आलेल्या बातम्यांचा ढीग रद्दीवाला नेतो. न छापलेल्या गोष्टींचा न्यायला कुणी येत नाही. माझ्या दुसऱ्या ढिगातला बराच माल पेणच्या रामवाडीतल्या एका पत्र्याच्या शेडमधला आहे, नव्वदच्या दशकातला.

शेड उस्मानभाईंची. हाताखाली एकच फिटर, कासू गावचा विठ्ठल. काम बॉयलरच्या ट्यूबा जोडायचं. वेल्डिंगआधी ट्यूबच्या तोंडाला सगळीकडून सारखा उतार द्यावा लागतो, नाहीतर जोड गळतो. माझ्या घरी बोलायला कुणी नव्हतं. बातम्या पाठवल्या की मी तिथे जाऊन बसायचो.

*

आखातातून परतताना लोक टेपरेकॉर्डर आणायचे. उस्मानभाईंनी ट्यूबचं तोंड कापायचं मशीन आणलं. ते ट्यूबच्या आत शिरून घट्ट धरतं आणि आवाज न करता काठ सोलतं. विठ्ठल हातात धरून लोखंड घासायच्या ग्राइंडरवर वाढलेला. त्याने मशीन सगळीकडून न्याहाळलं आणि म्हणाला, "नारळ खवायला बरं हाय."

उस्मानभाईंनी त्या दिवशी चहा दोनच मागवले, त्यांचा आणि माझा.

*

ग्राइंडरचा आवाज उस्मानभाईंना सहन व्हायचा नाही. विठ्ठलला हे पक्कं ठाऊक. उस्मानभाईंनी आखातातली गोष्ट सुरू केली, की हा ग्राइंडर सुरू करायचा.

"बंद कर रे ते!"

"ऐकू नाय येत, चाचा."

आखातातली एकही गोष्ट मी शेवटपर्यंत ऐकलेली नाही.

*

रोह्याच्या एका कारखान्यातल्या खरेदी अधिकाऱ्याने तसंच मशीन मागवलं. ट्यूबा बाहेरून मापतात, म्हणून साहेबांनी बाहेरचं माप कळवलं. ट्यूबा निघाल्या जाड पत्र्याच्या, आतलं भोक लहान. मशीन तोंडात शिरेचना! साहेबांनी विचारलं, ट्यूबा बदलून मिळतील का?

मी चिडून सविस्तर बातमी लिहिली. छापून आली ती अशी: 'रोह्यात अद्ययावत यंत्र दाखल.' सोबत साहेबांचा फोटो. मी फोनवरून डेस्कशी भांडलो. पलीकडचा माणूस "हो, हो" म्हणत राहिला. भांडायलासुद्धा कुणी उरलं नव्हतं.

*

शेवटी ते काम आमच्या शेडकडे आलं. उस्मानभाईंच्या मशीनचा दांडा बारीक, तो आत जात होता. पण काम दोघांचं, आणि विठ्ठलला मशीन शिकवायचं उस्मानभाई टाळत होते. आज नको, उद्या बघू. मी वैतागून म्हणालो, मग द्या त्याच्या हातात ग्राइंडर.

"ट्यूबा दाटीत हायत. ग्राइंडर फिरणार नाय, जोड गळेल," ते म्हणाले. मग हळूच, "साहेब, हा एकदा मशीन शिकला की याला आखातातून बोलावणं येणार. मी तिकडं एकट्यानं जेवलोय. आता इथंपण तसंच जेवू?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याला मशीन शिकवलं.

*

ट्यूबच्या तोंडातला लोखंडाचा बारीक भुगा झटकायला विठ्ठलने हमरापूरहून, सासुरवाडीतून, एक मऊ ब्रश आणला होता. खरेदी अधिकाऱ्याने विचारलं, हा कसला?

"गणपतीचे डोळे रेखायचा. सासऱ्याचा मूर्तींचा कारखाना हाय."

साहेबांनी बॉयलरपाशी बूट काढले. पाण्याचा दाब देऊन तपासणी झाली, एकही जोड गळला नाही.

*

विठ्ठलला बोलावणं आलंच. उस्मानभाई त्याला एसटीवर सोडायला गेले आणि आपलं मशीन त्याच्या पिशवीत घातलं. ग्राइंडर मात्र विठ्ठलने शेडमध्ये खुंटीला लावून ठेवला होता. "तुमच्याकडं राहू दे, चाचा," एवढंच म्हणाला.

*

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी, संध्याकाळी हायवेवरून येताना शेडमधून ग्राइंडरचा आवाज ऐकू आला. विठ्ठल परतला, असं वाटून मी जवळजवळ धावतच आत गेलो.

स्टुलावर उस्मानभाई एकटे. हातात ग्राइंडर सुरू. समोरच्या शिकंज्यात ट्यूब नव्हती, काहीच नव्हतं. मला पाहून त्यांनी बटण बंद केलं.

"बसा साहेब," ते म्हणाले. "तिकडची एक गोष्ट सांगतो."

आणि त्यांनी ग्राइंडर पुन्हा सुरू केला.