राधाबाईचा मुलगा

राव सर कुठल्याही पेशंटला विचारल्याशिवाय हात लावत नसत. खाटेजवळ जायचे, हातमोजे घातलेले दोन्ही हात पेशंटला दिसतील असे वर धरायचे आणि तमिळमध्ये म्हणायचे, "मी राधाबाईचा मुलगा. हात लावू का?" हो म्हणेपर्यंत हात तसेच हवेत. निवृत्तीला दोन वर्षं उरलेला, डोक्यावर एक काळा केस नसलेला माणूस, आणि राधाबाईचा मुलगा! पहिल्या दिवशी कुणीतरी अर्थ सांगितला, तेव्हा मला हसू आवरेना. डोक्यापासून पायापर्यंत किट चढवलेलं असताना हसलं की चष्म्यावर वाफ धरते. तेवढ्यावरून त्यांना कळलं.

मी आज जो काही नर्स आहे तो त्यांच्यामुळे, हे आधीच सांगून टाकतो. कोरोनाच्या त्या उन्हाळ्यात मी लातूरकडून चेन्नईला आलो, नुकताच पास झालेला. गावातले मित्र फोन करून "काय सिस्टर, बरं चाललंय ना?" म्हणून चिडवायचे. मी चिडायचोही. शेजारीपाजारी आईला विचारायचे, तेव्हा ती "मोठ्या दवाखान्यात आहे" एवढंच सांगायची. त्यात आमच्या निम्म्या सिस्टर आजारी पडल्या आणि आम्हा नव्या तिघा पोरांना बायकांच्या वॉर्डात टाकलं. मुख्य म्हणून राव सर.

राव सर तंजावरचे मराठी. राहायचे चेन्नईतल्या तिरुवल्लिकेणीच्या एका गल्लीत. त्यांची मराठी ऐकून मी पहिल्यांदा चक्रावलोच. "हिंगट ये" म्हणजे इकडे ये आणि "अस्क" म्हणजे सगळं, हे कळायला आठवडा गेला. ते मात्र माझ्या मराठीला नावं ठेवायचे. "तुम्ही लोक किती वेगानं बोलता रे! कुणी मागं लागलंय काय?"

सगळ्यांनी किटवर छातीशी आपापलं नाव मार्करनं लिहिलेलं असे. मी विचारलं, "सर, नाव लिहिलंय की. मग सांगायचं कशाला?"

"चष्मा काढून निजलेल्या बाईला काय वाचायला लावतोस? तिला पांढरी पिशवी दिसते. पिशवीतून पुरुषाचा आवाज येतो. पुरुष आला की बाई अंग चोरते. कुणाचा तरी मुलगा आला की थोडं कमी चोरते."

"आणि बेशुद्ध असली तर?"

"तरी विचारायचं. थोडं थांबायचं. मग हात लावायचा."

म्हातारा वेळ खातोय, असं मला वाटलं. किटमध्ये घामानं जीव नकोसा व्हायचा, पाणी नाही, लघवीला जायची सोय नाही. प्रत्येकीला आईचं नाव सांगत बसायचं म्हणजे झालंच!

तिसऱ्या आठवड्यात वळ्ळीअम्मा आल्या. देवळाबाहेर मोगऱ्याचे गजरे विकणाऱ्या. त्यांना पालथं झोपवायचं होतं. तसं निजलं की फुप्फुसांना हवा बरी मिळते आणि त्यांचा ऑक्सिजन तर उतरत चाललेला. मी गेलो आणि सरळ खांद्याखाली हात घातला. बाई किंचाळल्या. मला ढकललं, तोंडावरचा मास्क ओढून फेकला आणि साडी गळ्यापर्यंत घट्ट धरून भिंतीला टेकल्या. बोटावरच्या यंत्रातला आकडा धडाधड खाली यायला लागला. मास्क परत लावायला गेलो की त्या आणखी ओरडायच्या. मी सरांना हाक मारली.

राव सर आले. हात वर धरले. "अम्मा, मी राधाबाईचा मुलगा. मास्क लावू का?" त्यांनी लावू दिला. पालथं निजायला मात्र काही केल्या तयार होईनात. सर माझ्याकडे वळले. मला वाटलं, आता आपली खैर नाही.

"हिंगट ये. चूक तुझी, विचारणार तूच. माफी माग."

मला तमिळ येत होतं ते इडली मागण्यापुरतं. सरांनी चार शब्द शिकवले. मी हात वर धरले. "अम्मा, मन्निच्चिडुंगो. मी सुमनचा मुलगा. हात लावू का?" बाईंनी तोंड फिरवलं. माझे हात भरून आले, तरी सर खाली घेऊ देईनात. शेवटी बाईंनी काहीतरी विचारलं. सर म्हणाले, "आई काय करते, म्हणतात."

"अंगणवाडीत खिचडी शिजवते."

सरांनी ते तमिळमध्ये सांगितलं. बाई माझ्याकडे बराच वेळ बघत राहिल्या आणि मग स्वतःच कुशीवर वळायला लागल्या. आम्ही दोघांनी त्यांना पालथं निजवलं. आकडा हळूहळू चढला. मी किटमध्ये रडलो. पुसायची सोय नव्हतीच.

त्यानंतर आम्ही तिघंही नवी पोरं आपापल्या आईचं नाव सांगायला लागलो. वळ्ळीअम्मा बऱ्या होऊन घरी गेल्या, तेव्हा प्रत्येक किटवाल्याला विचारत होत्या, "सुमनचा मुलगा कोणता?" मी आईला फोन करून सांगितलं, "मद्रासमध्ये तुझं नाव झालंय." ती घाबरलीच. "अरे बाबा, मी काय केलं?" मग मी सगळं सांगितलं. नंतर कळलं, त्या दिवसापासून ती गावभर "माझा मुलगा नर्स आहे" म्हणून सांगत सुटली होती.

दुसऱ्या लाटेत राव सर स्वतः आमच्याच दवाखान्यात दाखल झाले. रोज त्यांना पालथं निजवायचं काम मी मागून घेतलं. मी हात वर धरून विचारायचो आणि ते, बोलवत नसलं तरी, एक बोट उचलायचे. एकदा घाईत विसरलो, तर डोळे वटारले! नवव्या दिवशी सकाळी ते गेले.

नियमाप्रमाणे त्यांचा देह आम्हालाच गुंडाळून द्यायचा होता. घरच्यांना आत सोडत नव्हते. मी आणि आम्हा पोरांना 'तंबी', म्हणजे धाकटा भाऊ, म्हणणाऱ्या एक जुन्या सिस्टर, दोघं खाटेजवळ गेलो. मी हात वर धरले. "राव सर, मी सुमनचा मुलगा. हात लावू का?"

थोडं थांबायचं, हे त्यांनीच शिकवलेलं. मी थांबलो. थांबलोच. हात खाली येईनात.

सिस्टरनी माझ्या कोपराला हात लावला. "तंबी, त्यांनी तुला कधी नाही म्हटलंय का?"

मग मी त्यांना हात लावला.