बरोबरीची जोड

जगातल्या कुठल्याही दोन गोष्टी शेजारी दिसल्या की त्यांची जोड बरोबर आहे का, हे तपासल्याशिवाय आमच्या साडूंना चैन पडत नाही. काष्टीत त्यांचं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. पण पंचक्रोशी त्यांना ओळखते ती यात्रेतल्या कुस्त्यांमुळे. कुणाला कुणाशी लढवायचं, म्हणजे जोड लावायची, हे काम त्यांचं. पैलवानांची मनगटं चाचपून ते वजन सांगतात आणि फरक वाटला की ‘जोड लागत न्हाई’ म्हणून दोघांनाही फडाबाहेर काढतात. घरीही तेच. एकदा माझी बायको आणि तिची थोरली बहीण, म्हणजे यांची सौभाग्यवती, भरितात शेंगदाण्याचा कूट घालावा की नाही यावरून भांडत होत्या. यांनी मध्ये पडून जोड विषम असल्याचं जाहीर केलं आणि माझ्या बायकोच्या बाजूने मला उभं केलं. त्या दिवशी जेवायला दुपारचे चार वाजले.

अशा माणसाने संगणकाला बुद्धिबळ का शिकवावं, हे मला कधीच कळलं नाही. पण दुकानातल्या जुनाट संगणकावर, पुस्तकं वाचून वाचून, त्यांनी नऊ वर्षं खपून बुद्धिबळ खेळणारा एक प्रोग्रॅम लिहिला. त्याला ते ‘आमचा पठ्ठ्या’ म्हणतात. नगरच्या एका कॉलेजात दरवर्षी अशा प्रोग्रॅमांची आपसात स्पर्धा होते आणि ज्याने त्याने आपापला संगणक आणायचा असतो. साडू आपला संगणक टॉवेलात गुंडाळून एसटीने नेत आणि शेवगावच्या एका प्राध्यापकांच्या चार पंख्यांच्या दांडग्या मशीनकडून हरून परत येत.

“पाव्हणं, त्यांचं मशीन आमच्या धा पटीनं फुडच्या चाली बघतंय,” ते म्हणत. “पठ्ठ्या कमी न्हाई, जोड चुकलीय.”

मला पटे. मग लगेच त्यांनाच शंका येई. प्राध्यापकांनी मोठ्या मशीनसाठीच लिहिलेला प्रोग्रॅम छोट्यावर बसवला, तर तो त्यांच्यावर अन्याय नाही का? वजन सारखं, पण एक पैलवान म्हशीच्या दुधावर वाढलेला आणि दुसरा कोरड्या भाकरीवर, तर ती जोड लागली म्हणायची का? मी पडलो मराठीचा मास्तर. चहाच्या दुसऱ्या कपापर्यंत आपण कुणाच्या बाजूने आहोत, तेच मला आठवेनासं होई.

शेवटी यंदा मीच त्यांच्या वतीने कॉलेजला अर्ज लिहिला. दोन्ही प्रोग्रॅम एकसारख्या मशीनवर खेळवावेत, अशी दोन पानी, चांगली अलंकारिक विनंती केली. प्राध्यापकही हसत तयार झाले. लॅबमधले दोन सारखे संगणक शेजारी मांडले. साडूंनी दोन्हींवर हात ठेवून पाहिला आणि समाधानाने मान डोलावली. दांडग्या मशीनपुढे चाळीस खेळ्या टिकणारा पठ्ठ्या त्या दिवशी सव्विसाव्या खेळीला चीतपट झाला. हे कसं झालं, ते मला अजूनही उमगलेलं नाही.

परतीच्या एसटीत मी लॅबमधल्या उकाड्याला, विजेला, जमेल त्याला दोष देऊन पाहिला. साडू खिडकीबाहेरचा ऊस बघत होते.

“न्हाई पाव्हणं,” ते हळूच म्हणाले. “आज जोड बरोबर हुती.”

घरी बायकोने विचारलं, तुमच्या अर्जाचं काय झालं. मंजूर झाला, एवढंच मी सांगितलं, आणि तो लिहिल्याचं मला फार वाईट वाटलं.