न उडालेलं विमान

माझे वडील ओझरला विमानांच्या कारखान्यात फिटर होते. सगळी नोकरी जेट इंजिनं उघडण्यात आणि जोडण्यात गेली. निवृत्त झाल्यावर घरात बसून त्यांनी काय करावं? इंजिनांपुढे पंखे फिरणाऱ्या जुन्या विमानाचं लाकडी मॉडेल. तेही अशा विमानाचं, जे जगात कधी तयारच झालं नाही.

महायुद्धाच्या काळात कुठल्याशा देशाने सहा पिस्टन इंजिनांचं बॉम्बर आखलं होतं. आराखडे झाले, नमुना जुळवायला घेतला, तेवढ्यात जेट आलं आणि सगळं गुंडाळलं गेलं. मला हे तोंडपाठ आहे, कारण वर्षभर जेवताना दुसरा विषयच नव्हता. वडिलांकडे जुन्या मासिकातलं एकच चित्र, तेही बाजूने काढलेलं. वरून ते विमान कसं दिसलं असतं, कोण सांगणार? म्हणून पंख तीनदा तासले आणि तीनदा मोडीत काढले. भुसा माझ्या पोह्यांत, मुलांच्या वह्यांत, उशीवर.

शेवटी वैतागून मी शिकवते त्या शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात त्यांना जागा मिळवून दिली. म्हटलं, एकदाचं संपवतील तरी. संपवलं. इस्त्रीचा शर्ट घालून विमानाशेजारी स्टुलावर बसले.

मुख्याध्यापिका आल्या. "छान हं काका. कधी उडालं हे?"

"नाही उडालं. रद्द झालं."

"अय्या, मग कशाला केलंत? आपलं एखादं लढाऊ जेट करायचं ना! मुलांना फेल गेलेलं काय दाखवायचं?" आणि शिपायाला म्हणाल्या, "हे जिन्याखाली ठेव."

वर्षभर मी घरात जवळजवळ हेच बोलत होते. तरीही माझा तोल गेला. "मॅडम, ते फेल नाही गेलं. त्याला उडूच दिलं नाही. फरक आहे." अर्धी रजा टाकून मी वडिलांना आणि विमानाला रिक्षात घातलं.

"चिडलीस कशाला?" वडील म्हणाले. "बाई चुकीचं काय बोलल्या?"

"मग वर्षभर माझं डोकं कशाला खाल्लंत?"

"अगं, जेटच्या कामात वरून आलेल्या कागदाबाहेर बोटभर हलता येत नव्हतं. ह्याला कागदच नाही. चाळीस वर्षांत पहिल्यांदा मी ठरवत होतो."

द्वारका चौकाच्या अलीकडे रिक्षा गतिरोधकावर आदळली आणि विमानाचा एक पंखा निखळून रस्त्यावर पडला. भर उन्हात, हात आडवा करून मी गाड्या थांबवायला धावले. एका टेम्पोने त्याचा चुरा केलाच.

वडिलांनी चष्मा लावून तुकडे पाहिले. "बरं झालं. आता चार पात्यांचा करून बघतो. चित्रात पाती नीट मोजता येतच नव्हती."

मी रिक्षावाल्याला म्हटलं, "चला हो, चला."