दुखण्याच्या घरची घागर

त्या उन्हाळ्यात मी महादेवावर रुसलो होतो, हे आधीच कबूल करतो. लातूर नुकतंच जिल्ह्याचं गाव झालं होतं. दुकानदारांनी पाट्यांवर ‘जि. लातूर’ असं ठळक रंगवून घेतलं, नळांना मात्र पाणी नव्हतं. गंजगोलाईजवळ माझं भांड्यांचं दुकान. दिवसभर लोकांना घागरी विकायच्या आणि घरची घागर घेऊन टँकरच्या रांगेत उभं राहायचं, अशी माझी तऱ्हा. घरात आम्ही दोघंच आणि बायकोला, महादेवीला, छातीचा कॅन्सर.

ऑपरेशन झालं होतं. सहा इंजेक्शनांपैकी तीन झाली होती. ‘अंगात ताकद राहिली पाहिजे, जखम स्वच्छ राहिली पाहिजे, नाहीतर पुढचं इंजेक्शन देता येणार नाही,’ असं डॉक्टरांनी बजावलं होतं. चौथ्याला आठ दिवस उरले होते. गल्लीत मी सांगितलं होतं, तिला ताप येतो. कॅन्सर म्हटलं की लोक दाराकडे पाहायचेसुद्धा नाहीत, अशी माझी खात्री होती. मदत मागणं माझ्या स्वभावातही नव्हतं.

आम्ही लिंगायत. आमच्या घरचा नेम असा की अंघोळ करून, गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजा केल्याशिवाय घास घ्यायचा नाही. मिळालेल्या दोन घागरी तिचं अंग पुसण्यात, जखम धुण्यात, उलटीचे कपडे धुण्यात संपायच्या. माझ्या अंघोळीला उरायचं नाही. अंघोळ नाही म्हणून पूजा नाही, पूजा नाही म्हणून जेवण नाही. तिला सांगायचो, दुकानात खाल्लं. असे तीन दिवस गेले. मी स्वतःला मोठा निष्ठावान समजत होतो, आणि मनात देवाला बोल लावत होतो.

चौथ्या दिवशी सकाळी रांगेतच मला भोवळ आली. घागर घरंगळत गेली. शुद्धीवर आलो तेव्हा एक अनोळखी म्हातारी माझ्या तोंडावर पाणी मारत होती. तिच्या गळ्यातही लिंग होतं.

“आप्पा, कधीपासून जेवले न्हाई?” तिनं विचारलं.

मी पूजेचं सांगितलं.

“घरी कोन आजारी हाय?”

का कोण जाणे, पण सगळ्या रांगेपुढं मी पहिल्यांदा म्हणालो, “बायको. कॅन्सर आहे. पाणी तिचं अंग धुण्यातच संपतं.” आणि लहान लेकरासारखा रडलो.

ती म्हणाली, “माझ्या मालकाच्या दुखण्याच्या येळी मी बी असंच करून राहिले होते. लई पस्तावले. आवो, तुमी रोज तिचं अंग धुता, ती काय पूजा न्हाई? लिंग डोळ्याला लावा अन् खावा. तुमी पडलात तर तिला कोन बघंल?”

तिनं फडक्यातली ज्वारीची भाकरी माझ्या हातावर ठेवली. मी लिंग डोळ्यांना लावलं आणि भर रस्त्यात बसून खाल्लं. ती रांगेकडं वळून म्हणाली, “दुखण्याच्या घरची घागर पुढं घ्या!” कुणी तोंड फिरवलं नाही. माझी घागर पुढं गेली. भरलेली घागर शेजारच्या बाईनं स्वतः उचलून घरी आणली. त्या दिवसापासून गल्लीनं पाळी लावली. एक घर पाणी आणायचं, दुसरं भाकरी द्यायचं, दुपारी कुणीतरी महादेवीपाशी बसायचं आणि मी दोन तास झोपायचो. ज्या लोकांना मी भीत होतो, ते हेच.

म्हातारीचे आभार मानायला मी पुष्कळ शोधलं. ती कुणाच्याच नात्यातली नव्हती. कुठून आली हे मी देवालाही विचारलेलं नाही.

चौथं इंजेक्शन ठरल्या दिवशी झालं. पाचवं झालं, सहावंही झालं. डॉक्टर हसून म्हणाले, “आता घरी जा, तपासणीला तेवढं या.” महादेवा, तुझ्यावर रुसलो होतो आणि तू माझ्या शेजारीच रांगेत उभा होतास. नेम पाळणं म्हणजे भक्ती, असं मी धरून बसलो होतो. दिलेली भाकरी मुकाट्यानं घेणं हीही भक्तीच आहे, हे मला उपाशी राहून कळलं.

पुढच्या उन्हाळ्यातही टँकर आला. महादेवी कधी नव्हे ती हट्टानं माझ्याबरोबर आली. इंजेक्शनांनी गेलेले केस नुकते बोटभर वाढले होते, डोक्यावर पदर तिनं मुद्दाम घेतला नव्हता. रांगेच्या टोकाला एक माणूस ओढलेल्या चेहऱ्यानं उभा होता. तिनं त्याला दोन शब्द विचारले आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “दुखण्याच्या घरची घागर पुढं घ्या!”