बुबुळांमधलं अंतर

रेश्माताई नसत्या तर मी चष्म्याला साधी काचच मागवली असती. मोबाइलवर भिंगांची नावं इतकी बारीक, की ती वाचायलाच चष्मा हवा. सातवीत शाळा सुटलेली, त्यात परमुलूख, विचारणार कुणाला? शेजारच्या खोलीतल्या या ताईच म्हणाल्या, "ग्राइंडरवर असतोस ना? मग काच नको रे बाबा. आमच्या ह्यांची ठिणगीनं तडकली होती. पॉलिकार्बोनेटचं भिंग घे, ते फुटत नाही."

मग मोबाइलवर मागणीत भरायचं बुबुळांमधलं अंतर मोजायला त्यांनी माझ्या नाकावर पट्टी धरली. घर सोडल्यापासून इतक्या जवळून माझ्या डोळ्यांत कुणी पाहिलं नव्हतं. ते भरून आले.

"आता रडू नको, आकडा चुकेल."

परक्या गावात माणसाला आपले डोळेसुद्धा दुसऱ्याच्या हवाली करावे लागतात. ताई, तुमच्या अडीनडीला मी धावून येईन, आज ना उद्या.