सरांच्या सहा वर्षांचा तक्ता

आमच्या कॉलेजने मुलींच्या कबड्डी संघाच्या सरांना काढलं. मी संख्याशास्त्र शिकवते, म्हणून प्राचार्यांनी त्यांच्या सहा वर्षांच्या कामगिरीचा तक्ता मलाच करायला सांगितला. त्यावरून अनुभवाचा दाखला लिहायचा होता, आणि परळच्या एका शाळेतली सरांची नवी नोकरी त्या दाखल्यावर अडली होती.

घरी बसून मी सामने मोजले. हरलेलेच जास्त निघाले. लेक बघत होती. तीही त्याच संघात खेळलेली.

"आई, सर प्रत्येक सामन्यात राखीव मुलींना उतरवायचे. हरणार नाही तर काय?"

"मग चुकलंच ना त्यांचं?"

"बारावीला तू माझा खेळ बंद केलास, तेव्हा लालबागहून चालत आपल्या दारात कोण आलं होतं? तेही दोनदा, तू मला परत खेळू देईपर्यंत. तू पाणीसुद्धा विचारलं नव्हतंस."

खरं होतं. मी हजेरीपट काढले. आधीच्या प्रशिक्षकांच्या वेळी शेवटच्या वर्षापर्यंत निम्म्या मुली खेळ सोडायच्या. सरांच्या काळात एकच गेली, वडिलांची बदली झाली म्हणून. हा रकाना मी पहिला घातला, आणि हारजीत त्याच्या खाली.

"हे कबड्डीत धरतात का?" प्राचार्यांनी विचारलं.

"मुली टिकल्या तर संघ राहतो, सर. धरायला हवं."

दाखला चांगला लिहिला गेला. तो न्यायला सर आले, तेव्हा मी त्यांना बसवलं, आधी पाणी दिलं आणि मग कागद.